'मया' एवढाच शब्द: खानापूर तालुक्यातल्या एका मोडी कागदाची तारीख

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका गावात देवीच्या पुजाऱ्यांच्या घरी पितळी डब्यात एक मोडी कागद आहे. दसऱ्याला तो शस्त्रांबरोबर पूजेला निघतो, त्यामुळे वरच्या बाजूला हळदीकुंकवाचे डाग पडले आहेत. घरात पिढ्यानपिढ्या सांगतात की हा शिवाजी महाराजांनी दिवाबत्तीसाठी दिलेल्या जमिनीचा कागद आहे. गावातल्या शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत तसे छापायचे ठरले, तेव्हा कोणीतरी विचारले, "वाचलाय का कुणी?"

हे प्रकरण मोडी शिकणाऱ्यांच्या सरावासाठी बेतलेले आहे. गाव, घर आणि हा विशिष्ट कागद प्रातिनिधिक आहे. त्यातली कालगणना, दप्तरी शब्द आणि पडताळणीचा क्रम मात्र खरा आहे. आकडे कोणीही जंत्री (वेगवेगळ्या सनांच्या तारखा शेजारी मांडलेले कोष्टक) घेऊन तपासावेत.

कागद १४ सेंटिमीटर रुंद, ३२ सेंटिमीटर लांब, हातकागद, बोरूने लिहिलेल्या १७ ओळी. चार आडव्या घड्या आहेत आणि तिसरी घडी नेमकी तारखेच्या ओळीवरून गेली आहे. तिथे कागद झिजून आरपार फाटला आहे. वरचा शिक्का फिकट झाला असून त्याची कड तेवढी दिसते. पाठवणाऱ्याचे नाव हळदीच्या डागाखाली गेले आहे. मजकूर थोडक्यात असा: मौजे मजकूरच्या देवीचे दिवाबत्तीस केरेगद्दे म्हणोन भातजमीन पूर्वापार चालत आहे, फौजेच्या धामधुमीमुळे गाव वैराण जाहला, सबब जमीन पडली, येविशी नाडगौडा (परगण्याचा वतनदार) व शानभोग (कुलकर्णी) यांणी हिसेब मनास आणून पेशजीप्रमाणे चालवणे. जाणिजे. छ १० सवाल ('छ' म्हणजे हिजरी महिन्याची तारीख). त्याच्या आधीच्या ओळीत 'सु॥ समान सबैन', मग फाटलेली जागा, मग 'अलफ'. शेवटी 'मोर्तब सूद', म्हणजे मजकूर संपल्याची खूण. पाठीवर वेगळ्या हाताने दोन शब्द आणि एक तिथी: 'बार सूद' आणि 'पै॥ कार्तिक शु॥ १४'.

सारा प्रश्न त्या फाटलेल्या जागेचा आहे. 'सु॥' म्हणजे शुहूर सन, मराठी दप्तरांतली एक वर्षगणना. तिचे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि एकक आधी येतो. समान म्हणजे ८, सबैन म्हणजे ७०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. घडीत फक्त 'व' असेल तर सन १०७८. 'मया व' असेल तर सन ११७८. शुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनमध्ये सुरू होतो. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. सवाल महिना कोणत्या ऋतूत पडला ते अजून ठरलेले नाही, पण ढोबळपणे एक पर्याय इसवी सन १६७७-७८ चा आणि दुसरा १७७७-७८ चा. दोन अक्षरांच्या शब्दावर शंभर वर्षे अडली आहेत.

घरच्यांची समजूत इथे वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. १६७७-७८ म्हणजे दक्षिण दिग्विजयाचे वर्ष. महाराजांच्या फौजा परततानाच बेलवडीच्या गढीला वेढा पडला होता आणि बेलवडी याच जिल्ह्यात आहे. 'फौजेच्या धामधुमीमुळे गाव वैराण' हे त्या काळाला शोभते. पण १७७७-७८ लाही ते तितकेच शोभते, कारण तेव्हा पुण्यात बारभाईंचा कारभार होता आणि कर्नाटकात हैदर अलीशी झगडा चालू होता. या पट्ट्यातल्या गावांनी इतक्या फौजा पाहिल्या आहेत की फौजेच्या उल्लेखावरून साल काढायला गेले तर हवे ते साल निघते. असा पुरावा सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा, नाहीतर वाचणाऱ्याच्या मनात आधी निकाल लागतो आणि मग डोळे त्या निकालाला साजेशी अक्षरे वाचू लागतात.

पहिले काम फोटोचे. कागद सपाट पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. मग दिवा एका कुशीला जवळजवळ कागदाच्या पातळीत धरून पुन्हा काढायचे. आडव्या उजेडात बोरूने दाबलेली जागा दिसते, शाई उडाली असली तरीही. घड्या जोर लावून उलगडायच्या नाहीत. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी बेळगाव-खानापूरकडच्या घरांतले कागद जितके खराब झाले आहेत, तितके वाळवीनेही केले नसतील. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि काढताना शाई घेऊन निघतो. लॅमिनेशन काढताच येत नाही.

दुसरे काम लिप्यंतराचे, आणि ते दोघांनी एकमेकांचे न पाहता करायचे. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, वेलांटी आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, अनुस्वार बहुधा गाळलेला असतो. शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली लिहीत जातात, त्यामुळे रेघ कुठे संपली यावरून शब्द संपला असे धरता येत नाही. या कागदात धोक्याचे शब्द दोन. 'समान' म्हणजे ८, 'समानीन' म्हणजे ८०. आणि 'सबैन', 'सितैन', 'तिसैन' म्हणजे ७०, ६०, ९०. घाईच्या हातात हे तिन्ही एकमेकांच्या फार जवळ जातात. म्हणून त्याच लेखकाने मजकुरात इतरत्र लिहिलेले 'स', 'ब', 'त' कापून एका ओळीत मांडायचे आणि तारखेतल्या अक्षरांशी ताडून पाहायचे. गेलेली अक्षरे चौकटी कंसात, शंकेची प्रश्नचिन्हासह. रिकाम्या जागेत आपला अंदाज लिहून ठेवला की पुढच्या वाचकाला तो मूळ मजकूर वाटतो. जुन्या छापील कागदपत्रांतली कितीतरी चुकीची साले अशीच जन्मली आहेत.

दोन्ही वाचने 'समान सबैन' वर जुळली. आता घडीची जागा मोजायची. फट सुमारे १३ मिलिमीटर आहे. याच लेखकाचा सुटा 'व' तीन-चार मिलिमीटर घेतो. 'म' आणि 'या' मजकुरात जिथे आले आहेत तिथून मोजले तर 'मया व' ला बारा-तेरा लागतात. हे 'मया' च्या बाजूने आहे, पण एवढ्यावर निकाल देऊ नये. लेखक ओळ भरण्यासाठी अक्षर ताणतो, शिवाय झिजलेल्या कडा ओल्या-सुक्या होऊन एकमेकींपासून सरकतात. मोजमापाने शक्यता वाढली, एवढेच लिहायचे.

खरी चावी पाठीवर आहे, आणि नेमकी तिच्याकडेच दुर्लक्ष होते, कारण फ्रेम केलेल्या कागदाची पाठ कोणी पाहत नाही. 'पै॥' म्हणजे पैवस्ती, कागद हाती पोचल्याची नोंद. पाठवणाऱ्याने तारीख हिजरी महिन्यात दिली, छ १० सवाल. घेणाऱ्याने पोच हिंदू तिथीत लिहिली, कार्तिक शुद्ध १४. एकाच कागदावर दोन कालगणना आल्या की त्या एकमेकींवर घासून पाहता येतात.

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि त्यात अधिक महिना नाही. शक वर्षात साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येतो. त्यामुळे हिंदू आणि हिजरी महिन्यांची जोडी अधिक महिना येईपर्यंत टिकते, आणि तो आला की एका घराने सरकते. आता दोन्ही वर्षे मांडू. हिजरी १०८८ चा मोहरम ६ मार्च १६७७ च्या सुमारास लागला आणि शके १५९९ चा चैत्र एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे त्या वर्षी चैत्राला सफर, आणि शके १५९९ मध्ये अधिक महिना नसल्याने पुढे तीच चाल: आश्विनाला साबान, कार्तिकाला रमजान, मार्गशीर्षाला सवाल. हिजरी ११९१ चा मोहरम ९ फेब्रुवारी १७७७ च्या सुमारास लागला. शके १६९९ चा चैत्र ८ एप्रिलच्या आसपास. त्या वर्षी चैत्राला रबिलावल, आणि याही वर्षात अधिक महिना नाही: आश्विनाला रमजान, कार्तिकाला सवाल.

आता कागद पाहा. सन ११७८ धरला तर छ १० सवाल म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीच्या आगेमागे, ११ नोव्हेंबर १७७७ च्या सुमारास. तीन दिवसांनी, शुद्ध १४ ला, कागद गावात पोचला. सरळ आहे. सन १०७८ धरला तर छ १० सवाल मार्गशीर्ष शुद्धात पडतो, डिसेंबर १६७७ च्या पहिल्या आठवड्यात, आणि पोच कार्तिकातली, म्हणजे पाठवण्यापूर्वीच पोचल्याची! ही पोच पुढल्या वर्षाच्या कार्तिकातली मानावी, तर कागदाला अकरा महिने लागले असे म्हणावे लागेल. नाडगौडा आणि शानभोगांना जमिनीचा हिशेब लगेच पाहायला सांगणारा कागद वाटेत अकरा महिने राहिला असे मानायला दुसरा काहीतरी आधार हवा. तो इथे नाही. तरीही ही शक्यता टिपणात लिहून ठेवायची आणि का सोडली तेही लिहायचे.

तारखेत एका दिवसाचा फरक गृहीतच धरावा. हिजरी महिना चंद्रदर्शनाने लागतो, जंत्रीतला गणिताने. ढगाळ संध्याकाळी दर्शन एक दिवस पुढे गेलेले असू शकते. म्हणून 'सुमारास'. १६७७ साठी आणखी एक खबरदारी: त्या काळचे इंग्रज जुने ज्युलियन पंचांग वापरत, ते दहा दिवस मागे होते. कारवार वखारीच्या पत्रातली तारीख आणि जंत्रीतली तारीख जुळवताना हे विसरले की घटनांचा क्रम उलटा होतो.

या कसोटीचा मोह सावधपणे धरावा. शंभर वर्षांत ३६ किंवा ३७ अधिक महिने येतात. ३७ आले तर जोडी एका घराने सरकते, जशी इथे सरकली. ३६ आले तर तीन पूर्ण फेऱ्या होऊन ती होती तिथेच परत येते. चैत्र १६७४ ला मोहरम होता आणि चैत्र १७७४ लाही मोहरमच. म्हणजे 'मया' गेलेला कागद त्या चैत्रातला असता तर ही चावी कुलपाला लागलीच नसती, आणि वार शोधावा लागला असता. तिथी, हिजरी तारीख आणि वार हे तिन्ही एका कागदावर मिळणे दुर्मीळ. मिळाले तर ते सोन्यासारखे.

आणखी एक घोटाळा या भागात नेहमी होतो. सन ११७८ असा नुसता आकडा पाहून त्याला ५९० मिळवतात, कारण महसुली कागदात फसली सनाची (महसुलासाठी वापरलेल्या दुसऱ्या सनाची) सवय झालेली असते. मग साल १७६८-६९ निघते. शुहूर आणि फसलीत नऊ वर्षांचे अंतर आहे. अरबी शब्दांत लिहिलेला 'सु॥' दिसला की शुहूर. शकाला ७८, राज्याभिषेक शकाला १६७३ (नवे इसवी वर्ष लागल्यावर ७९ आणि १६७४). आणि हलसीला गेलात तर भूवराह नरसिंह देवळातल्या गोव्याच्या कदंबांच्या लेखात कलियुगाचे वर्ष ४२७० सापडेल. त्यातून ३१०१ वजा केले की ११६९. एकाच तालुक्यात इतक्या तऱ्हेने वर्षे मोजली गेली आहेत, म्हणून आकड्याआधी सनाचे नाव वाचायचे.

तारीख बसली तरी हा कागद अस्सल की नक्कल हा प्रश्न उरतोच. १७७७ च्या हाताने १६७७ च्या कागदाची नक्कल केलेली असू शकते, आणि कंपनी सरकारने १८५२ च्या कायद्याखाली इनाम जमिनींचे हक्क तपासणारे इनाम कमिशन बसवल्यावर तर जमिनी वाचवण्यासाठी गावोगाव नकला झाल्या, काही बनावट कागदही झाले. नकलेत शिक्क्याच्या जागी बहुधा 'शिक्का' असा शब्द लिहिलेला असतो. इथे शिक्क्याची शाई प्रत्यक्ष आहे. पाठीवरची पोच वेगळ्या हाताची, वेगळ्या शाईची आणि घडीच्या बाहेरच्या पदरावर आहे, म्हणजे कागद घडी करून प्रवासाला निघाल्यानंतर ती लिहिली गेली. 'बार सूद' म्हणजे नोंदवहीत चढवले. नक्कल करणारा मूळ कागदाच्या पाठीवरची पोच त्याच हाताने समोर उतरवतो. ती घडीच्या योग्य पदरावर दुसऱ्या शाईने लिहिण्याची कारागिरी बनावटवाल्याने केली असेलही, पण मग त्याने शिवकालीन साल ठळक लिहिले असते, फाटू दिले नसते. अक्षराचे वळण पेशवेकालीन वाटते. वळणाला शेवटचे स्थान द्यावे, कारण जुना कारकून तरुणपणी शिकलेले वळण म्हातारपणापर्यंत लिहितो आणि चाळीस-पन्नास वर्षांचा फरक सहज पडतो. कागदाचा पोत, 'होन' (सोन्याचे नाणे) की 'रुपया', 'लेखनसीमा' असे शब्द यांनी या पट्ट्यात शंभर वर्षांचा निवाडा होत नाही. होन कर्नाटकात अठराव्या शतकातही चालत होता.

मग घरच्या समजुतीचे काय? तिला खोटी म्हणून खोडायचे नाही. ती स्वतंत्र नोंदवायची: कोणी सांगितली, वय किती, त्यांनी कोणाकडून ऐकली, 'महाराज' म्हणताना नाव घेतले की नुसते महाराज. या भागात 'महाराज' म्हणजे कोल्हापूरचे छत्रपतीही असू शकतात, आणि हा फरक ऐकणाऱ्याने न विचारल्यामुळे कित्येक घरांत कोल्हापूरचा कागद शिवाजी महाराजांचा झाला आहे. मग ही समजूत लेखी प्रथम कुठे दिसते ते शोधायचे. सर्वांत आशेची जागा म्हणजे इनामदाराने इनाम कमिशनपुढे दिलेली कैफियत, म्हणजे हक्काबद्दलचे लेखी निवेदन. ज्याची जमीन पणाला लागली आहे तो आपल्याकडचा सगळ्यात जुना हक्क सांगतोच. पूर्वजाने त्या वेळी 'शिवछत्रपतींपासून' असे सांगितले असेल तर समजूत निदान तेवढी जुनी. आणि 'पेशव्यांच्या अमलापासून' सांगितले असेल तर महाराजांचे नाव नंतर जोडले गेले.

कैफियत शोधताना एक व्यावहारिक गोष्ट. बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा १८३६ मध्ये झाला; त्याआधी तो धारवाडात होता. म्हणून १८१८ ते १८३६ चे कागद बेळगावच्या नावाखाली सापडत नाहीत आणि लोक 'कागदच नाहीत' म्हणून परततात. धारवाडखाली पाहायचे. १७७७ साठी पुण्याचे पेशवे दप्तर, आणि तिथेही गावाच्या नावाने नव्हे तर परगण्याच्या नावाने रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मागायचा; प्रांत अजमासाच्या, म्हणजे प्रांताच्या जमाखर्चाच्या अंदाजाच्या, रुमालांत अशा इनामांचे आकडे येतात. मुंबई इलाख्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. सीमा हलली तरी कागद होते तिथेच राहिले.

सीमेचा विषय इथे टाळता येत नाही. असा कागद सापडला की त्याच संध्याकाळी त्याचा फोटो फिरू लागतो: मोडी कागद, म्हणजे गाव मराठी. आणि त्याच गावात देवळापुढे हळेकन्नड (जुन्या कन्नडातली) शिळा असते. तिचा फोटो दुसऱ्या बाजूने फिरतो: कन्नड शिळा, म्हणजे गाव कन्नड. कागदाला आणि शिळेला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. पेशव्यांचे दप्तर मोडीतच लिहायचे, गावात कोणतीही भाषा बोलली जात असो. बनवासीच्या जुन्या कदंबांचे हलसीचे ताम्रपट संस्कृतात आहेत आणि म्हणून पाचव्या शतकातली हलसी घरात संस्कृत बोलत होती असे कोणी म्हणत नाही. कागदाची भाषा ही कचेरीची भाषा असते. गावकऱ्यांच्या बोलीचा माग काढायचा तर कचेरीच्या हातून चुकून निसटलेले शब्द पाहावे लागतात, आणि या कागदात ते आहेत. शेताचे नाव केरेगद्दे: केरे म्हणजे तळे, गद्दे म्हणजे भाताचे शेत, दोन्ही कन्नड. कुलकर्ण्याला शानभोग म्हटले आहे. क्रियापदे सगळी मराठी. साल अरबी शब्दांत, महिना हिजरी, पोच हिंदू तिथीत. पुण्याकडून आलेल्या कारकुनाने शेताचे नाव विचारले तेव्हा त्याला जे उत्तर मिळाले ते त्याने बदलले नाही, बहुधा बदलता येण्यासारखे नव्हते म्हणून. शेत त्याच नावाने ओळखले जात होते. एवढ्यावरून १७७७ मध्ये गावात कोण किती होते हे सांगता येत नाही. नावे बोलणाऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. पण एवढे कळते की मराठी कागद लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला 'केरेगद्दे' समजावून सांगावे लागले नाही. दोन्ही बाजूंच्या फलकांना हे वाक्य पुरत नाही, म्हणून ते छापले जात नाही. ते छापले पाहिजे.

स्मरणिकेत काय लिहायचे यावर घरच्यांशी बोलताना 'तुमचा कागद शिवाजी महाराजांचा नाही' या वाक्याने सुरुवात करू नये. कागद जे सांगतो ते आधी वाचून दाखवावे: फौजेने गाव उजाड झाल्यावरही देवीची जमीन पुन्हा चालू करा असा हुकूम आला आणि तुमच्या घराने तो जपला. मग साल. मग 'पूर्वापार' या शब्दाबद्दल. जमीन १७७७ च्या आधीपासून होती हे कागद मान्य करतो. किती आधीपासून, ते सांगत नाही. 'पूर्वापार' हा दप्तरातला ठरलेला शब्द आहे, तो वीस वर्षांनाही लावत आणि दोनशेंनाही. म्हणजे शिवकाळाचा दरवाजा या कागदाने उघडलेला नाही आणि बंदही केलेला नाही.

नोंद अशी पडते: ताकीदपत्र (हुकुमाचे पत्र), मोडी, अस्सल, शिक्का अस्पष्ट, पाठवणाऱ्याचे नाव गेलेले, सु॥ समान सबैन [मया व] अलफ, छ १० सवाल, पैवस्ती कार्तिक शुद्ध १४, सुमारे ११ नोव्हेंबर १७७७, 'मया' पैवस्तीच्या तिथीवरून आणि फटीच्या मापावरून भरला, १६७७ चा पर्याय पाहिला व सोडला. घरातली समजूत वेगळ्या पानावर, सांगणाऱ्याच्या परवानगीने.

कागद डब्यात परत जातो, पण पितळेला टेकून नव्हे. धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीत, जुन्या घडीवर न मोडता. दसऱ्याला पूजा होऊ द्यावी. हळद मात्र डब्यावर वाहावी. शिक्क्याखालचे नाव अजून वाचायचे आहे.